फक्कीची पिंड

बास्केटबॉलचे कायदे बदलले तेव्हा मी तिशीला टेकलो होतो. कायदे कुणी बदलले, कुठल्या देशात बसून बदलले, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि पुढं मी कुणाला विचारलंही नाही. तीस सालचा मार्शल लॉ होऊन काही वर्षं झाली होती, सोलापूर निवळलं होतं, गिरण्यांचे भोंगे वेळेवर व्हायचे, आणि आमच्या चाळीमागच्या मैदानावर संध्याकाळी चेंडू आपटल्याचा आवाज यायचा. एवढं मला पक्कं आठवतं.

माझी शाळा तिसरीपर्यंत. हे लिहायला बसलो तर मुलगा म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, माझे हात काय मोडलेत? अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

हा खेळ सोलापुरात मिशनातल्या गोऱ्या साहेबांनी आणला असं म्हणतात. आमच्या गिरणीत तो आणला ड्रिल मास्तरांनी. ते पुण्याकडचे, मद्रासेला जाऊन कसरतीचं शिक्षण घेऊन आलेले. अंगानं किरकोळ, पण शिट्टी अशी मारायचे की साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटातही ऐकू यावी. त्यांनी गिरणीच्या फिटर खात्यात दोन लोखंडी कड्या वाकवून घेतल्या, मालाच्या खोक्यांच्या फळ्या जोडल्या, जाळी साचेवाल्यांनी सुताची विणून दिली. मैदान मुरमाचं. खेळायचं अनवाणी. रेघा चुन्याच्या फक्कीनं मारायच्या. रेघा तरी किती, चार बाजूंच्या चार आणि मधोमध एक गोल. तेवढ्यावर आमची कितीतरी वर्षं गेली.

तो मधला गोल माझा होता.

आता हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या कायद्यात टोपली पडली, म्हणजे चेंडू कडीतून गेला, की तो पुन्हा मधल्या गोलात आणायचे. दोन्ही संघांचा एकेक गडी गोलात उभा राहायचा, मास्तर मधे चेंडू वर फेकायचे, आणि दोघांनी उडी मारून तो आपल्या गड्याकडं टोलवायचा. प्रत्येक टोपलीनंतर असं. म्हणजे ज्याचा उडी मारणारा चांगला त्याला चेंडू सारखा मिळत राहायचा. आणि आमच्याकडं मी होतो.

माझ्याएवढी उडी सोलापुरात कुणाची नव्हती. मी सांगतोय म्हणून नव्हे, होतीच तशी. मी वळसंगकडचा, धनगराचा. लहानपणी शेळ्यांना बाभळीच्या शेंगा पाडायच्या तर बाकीचे लांब काठीला आकडी बांधून फांदी ओढायचे. मला आकडी शोधत बसायचा कंटाळा. मी उडी मारून फांदी धरायचो. शेळ्या वाढल्या नाहीत, पण उडी वाढली. पुढं गिरणीत रुईच्या गाठी उतरवायला लागलो, तेव्हा मास्तरांनी मला गाठीवर गाठ चढवताना बघितलं आणि संध्याकाळी मैदानावर बोलावलं. त्या दिवसापासून मी संघाचा सेंटर. आमच्या लोकांच्या तोंडी ते शेंटर झालं. चाळीत, खात्यात, नळावर, सगळीकडं मी शेंटर. माझं खरं नाव बायकोला माहीत होतं, पण ती तर घेत नव्हती.

संघात माझ्याशिवाय दोघं सांगण्यासारखे. एक आमचा कप्तान, तो साचेखात्यातला जाबर. जाबर म्हणजे मजुरांवरचा मुकादम. मुसलमान, चाळिशीचा, पोट सुटलेला, मागं उभा राहून खेळायचा आणि सगळ्यांना शिव्या द्यायचा. दुसरा माझा दोस्त, तेलुगू साळ्याचा पोरगा, साच्यावर काम करणारा. ठेंगणा, चपळ. मी टोलवलेला चेंडू नेहमी त्याच्या हातात पडायचा. तो कुठं उभा असेल ते मला न बघता कळायचं. लोक म्हणायचे ह्या दोघांचं काहीतरी ठरलेलं असतं. काही ठरलेलं नव्हतं.

बायको मोडनिंबकडची. ती म्हणायची, "दिवसभर गाठी उचलता, सांच्याला उड्या मारता. बैल तरी सांजचं बसतो की."

मी म्हणायचो, "बैलाला बघायला मान्सं येत्यात का?"

"बाजारात येत्यात," ती म्हणायची.

असं चाललं होतं. मग एका थंडीत मास्तर हातात एक पातळ छापील पुस्तक घेऊन मैदानावर आले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला अजून वेळ होता. मास्तर म्हणाले, जत्रा झाल्यावर बाहेरगावचा एक संघ आपल्याशी खेळायला येणार आहे. मोठा संघ आहे. पण ते इंटरनॅशनल कायद्यानं खेळतात. जुन्या कायद्यानं खेळायला ते येणार नाहीत. तेव्हा आपल्याला कायदे बदलावे लागतील, मैदानही बदलावं लागेल.

आम्ही मुरमावर गोल करून बसलो. मास्तर इंग्रजी वाचायचे आणि मराठीत सांगायचे.

"टोपली झाली की चेंडू मधे आणायचा नाही," ते म्हणाले. "ज्यांच्यावर टोपली झाली त्यांनी मागच्या रेघेबाहेर उभं राहून तो आत टाकायचा आणि खेळ पुढं चालू."

"फिर उड़ी?" जाबरनं विचारलं.

"उडी फक्त डाव सुरू होताना. पहिल्या डावाला एक, दुसऱ्या डावाला एक."

मग माझा दोस्त म्हणाला, "म्हंजे शेंटरला आता बसून पगार की ओ मास्तर."

सगळे हसले. मीही हसलो असेन. मला खरंच काही वाटलं नाही त्या वेळी. पायाला मुंगी चावली तर लगेच कळतं, पण पाय बधिर झालेला असला तर हातानं चाचपून बघावं लागतं. तसं मी मनाशी चाचपून बघत होतो, आणि काही लागत नव्हतं.

मास्तर चांगला माणूस. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अरे शेंटर, तुझं काम संपलेलं नाही. तू उंच आहेस. तू आता टोपलीखाली जायचंस. फळीवरून परत आलेला चेंडू वरच्या वर धरायचा आणि आत टाकायचा. तिथं तुझ्यासारखाच माणूस लागतो. तू टोपलीखाली गेलास तर आपण जिंकू. नाही गेलास तर मला त्या जागी दुसरा घ्यावा लागेल."

एवढं साधं होतं. संघात राहायचं तर टोपलीखाली जायचं.

दुसऱ्या दिवशी मैदान आखायला घेतलं. मधोमध एक आडवी रेघ आली, मैदानाचे दोन भाग करणारी. ती मारून होते न होते तोच जाबर तिच्यावर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि ओरडला, "आव, कौन आता सो आव!" त्याला वाटलं ही आट्यापाट्यांची पाटी. आम्ही सगळे आट्यापाट्या खेळून वाढलेले. रेघ दिसली की तिच्यावर उभं राहून पलीकडच्याला अडवायचं, हे अंगातच होतं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो जाबर, ही अडवायची रेघ नाही. चेंडू घेऊन लवकर पलीकडं जायची रेघ आहे." जाबर म्हणाला, "फिर मारी कायकू?"

मग टोपल्यांपुढचं आखायचं होतं. मास्तरांनी पुस्तकातलं चित्र बघितलं, खुंटी ठोकली, दोरी धरली. टोपलीसमोर थोड्या अंतरावर एक मोठा गोल. त्या गोलापासून टोपलीखालच्या मागच्या रेघेपर्यंत दोन सरळ रेघा, एक अरुंद पट्टी. दोन्ही टोकांना तसंच. मी स्वतः फक्की टाकत होतो, कारण माझा हात स्थिर. वाकून टाकत असताना काय होतंय ते कळलं नाही. उठून उभा राहिलो आणि मागं सरकून बघितलं.

माझा दोस्त खाली वाकला, त्यानं रेघेला बोट लावलं आणि ते बोट सवयीनं कपाळाला लावलं. लावल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते.

"पिंड हाय की वो ही," तो म्हणाला.

होतीच. गोल शाळुंका आणि पुढं पाणी वाहून जायची पन्हळ. काळपट मुरमावर पांढरी स्वच्छ पिंड. ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक. गावात जत्रेची तयारी चाललेली, घरोघरी सिद्धेश्वराचं नाव, आणि आमच्या मैदानात दोन पिंडी.

मास्तर हसायला लागले. "अरे, पिंड कसली? ह्याला साहेब लोक कीहोल म्हणतात. कुलपाचं भोक!"

"कुलपाचं भोक?" कांडी खात्यातला, कांड्यांवर सूत भरणारा, एकजण म्हणाला. "एवढं मोठं कुलूप कुटं असतंय मास्तर?"

"मास्तर, पाय कसा लावायचा हिच्यात?" दुसरा म्हणाला.

मास्तरांनी मग दुसराच मार्ग धरला. नव्या कायद्यात असं होतं की आपल्याकडं चेंडू असताना त्या पट्टीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, थांबलं तर चेंडू दुसऱ्यांना. हे ते सकाळपासून सांगत होते आणि कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं, कारण सेकंद काय ते आमच्यापैकी कुणाला माहीत होतं? आता ते म्हणाले, "बरं, पिंड तर पिंड. मला सांगा, देवळात पन्हळीत कुणी उभं राहतं का?"

"न्हाय."

"पन्हळ ओलांडतं का कुणी?"

"न्हाय. तितनं माघारी फिरायचं."

"झालं तर! आत गेलात तर लगेच बाहेर. देवाच्या पन्हळीत थांबायचं नाही. हाच कायदा."

हे मात्र सगळ्यांना पटलं. पुढं आमच्या संघाकडून तीन सेकंदांची चूक कधी झाली नाही. बाकीचे गडी आत शिरायच्या आधी जमिनीला बोटं लावायचे, बोटं छातीला, आणि आत. काम झालं की पटकन बाहेर. दोन-चार दिवसांत ते इतकं अंगवळणी पडलं की कुणी लक्षही देईना.

मी आत गेलो नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांना वाटलं मी विसरतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. "शेंटर, आत जा."

"पिंड हाय मास्तर," मी म्हणालो.

"अरे, बाकीचे जातायत ना नमस्कार करून?"

"त्ये जाऊ द्यात. मी न्हाय जायचा."

माझा दोस्त जवळ आला. हळू म्हणाला, "मी तर गंमत केली रे. बोट लावलं म्हंजे काय झालं? फक्की तर तूच टाकलीस की."

"टाकली. पाय न्हाय दिला."

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी देवाला कदी नारळ फोडला न्हाय, आन आता हे काय?" मी जेवत राहिलो. गिरणीत बोलणं सुरू झालं, शेंटरची उडी गेली म्हणून शेंटर रुसलाय, देवाचं निमित्त आहे. कुणी तोंडावर म्हणालं, कुणी पाठीमागं. एकदा शब्द तोंडातून गेला की तो गिळायची आमच्या घराण्यात रीत नाही. आज्यानं एकदा वैरागच्या बाजारात मेंढ्यांचा एक भाव सांगितला तर सूर्य मावळला, बाजार उठला, पण भाव तोच. मेंढ्या परत घेऊन आला. मी त्याचा नातू.

शेवटी जाबरनं मनावर घेतलं. त्याला तो सामना जिंकायचा होता. एका संध्याकाळी तो मैदानावर आला तर बरोबर एक अय्या. अय्या म्हणजे लिंगायतांचे जंगम, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, हातात छत्री. म्हातारे, बोलणं कानडी. मुसलमानाच्या मागं जंगम चाललाय हे बघून चाळीतली बायकापोरंही मागोमाग आली.

जाबर म्हणाला, "अय्याजी, हमारा एक आदमी इधर अटक्या है. तुम देख को बोलो, ये पिंडी है के नै."

अय्यांनी छत्री मिटली. आधी ते दक्षिणेकडच्या टोपलीपाशी गेले. आमचं मैदान उत्तर-दक्षिण होतं, संध्याकाळचं ऊन डोळ्यांत येऊ नये म्हणून मास्तरांनी तसं धरलं होतं. अय्यांनी गोलाभोवती चालायला सुरुवात केली. चालत चालत पन्हळीपाशी आले आणि न थांबता ती ओलांडून पुढं गेले. पूर्ण फेरी मारली. म्हणाले, "इदु अल्ल." ही नाही. मग मराठीत म्हणाले, "पन्हाळ दक्षिणेला आहे. दक्षिणेला पन्हाळ असलेली पिंड नसते. ही नुसती रेघ."

जाबरनं माझ्याकडं विजयानं बघितलं.

मग अय्या उत्तरेकडच्या टोपलीपाशी गेले. पुन्हा गोलाभोवती चालायला लागले. पन्हळीपाशी आले आणि थांबले. खाली बघितलं. वर टोपलीकडं बघितलं. आणि तिथून माघारी फिरले, आल्या वाटेनं.

जाबर दोन पावलं पुढं आला.

"हौदु," अय्या म्हणाले. मला वळसंगमुळं कानडी कळायचं. हौदु म्हणजे होय.

"अय्याजी!" जाबर म्हणाला. "दोनो एकच फक्की, एकच आदमी मार्‍या!"

"मारली एकानंच," अय्या म्हणाले, "पण हिची पन्हाळ उत्तरेला आहे, देवाच्या पिंडीची तशीच असते. ह्याच्यात माझा काय इलाज?" त्यांनी छत्री उघडली आणि गेले.

मास्तर डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे अर्धं काम झालं. पहिल्या डावात आपण दक्षिणेच्या टोपलीत टाकायचं असं मागून घेऊ. तेव्हा शेंटर आत जाईल. दुसऱ्या डावात बाजू बदलली की त्याच्या जागी दुसरा जाईल. काय शेंटर, ठीक?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. हलवली असेन, कारण मास्तर खूश झाले आणि जाबरनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. दोस्त म्हणाला, "देवानं वाटणी करून दिली बघ. अर्धं त्येला, अर्धं तुला."

त्या दिवसानंतर सामन्यापर्यंत जोराचं वारं सुटलं आणि गिरणीत जादा काम निघालं. एकदाही नीट सराव झाला नाही. नाहीतर जे सामन्यात दिसलं ते आधीच दिसलं असतं.

सामन्याला गर्दी झाली. बाहेरगावचे खेळाडू कॅनव्हासचे बूट घालून आले होते, एका रंगाचे बनियन. आमचे अनवाणी. मास्तरांनी ठरल्याप्रमाणं दक्षिणेची टोपली मागून घेतली. पाहुण्यांना काय त्याचं, ते म्हणाले घ्या. त्यांच्यातल्याच एकाच्या गळ्यात शिट्टी होती, आणि मास्तर बाजूला बाकापाशी उभे.

मी मधल्या गोलात जाऊन उभा राहिलो. समोर त्यांचा सेंटर, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, गोरा, केसांना तेल. त्यानं हात पुढं केला, मी हात मिळवला. चेंडू वर गेला. मी उडी मारली. चेंडू माझ्या बोटांना लागला तेव्हा त्याचा हात माझ्या कोपरापाशी होता. दोस्त उजव्या हाताला होता. मी तिकडं टोलवला. लोकांनी आरडाओरडा केला, "शेंटर! शेंटर!"

मग खेळ सुरू झाला. मी पळत दक्षिणेकडं गेलो. पट्टीच्या रेघेपाशी आलो आणि थांबलो.

दोस्तानं टोपलीवर टाकला. चेंडू कडीवर आपटला, वर उडाला आणि खाली आला. माझ्यापासून दोन हातांवर, पट्टीच्या आत. मला फक्त एक पाऊल टाकायचं होतं. माझ्या पायाचा अंगठा रेघेला लागलेला मला दिसत होता. बुटांचा एक जोड माझ्यापुढून गेला आणि चेंडू घेऊन गेला.

मागं जाताना दोस्त म्हणाला, "ही न्हाय ना रे! ही दक्षिणेची!"

मी म्हटलं, "ठावं हाय."

पुन्हा तसंच झालं. चेंडू कडीवर, चेंडू खाली, मी रेघेवर. उत्तरेकडं आमच्या टोपलीपाशी मी बाहेर थांबायचो त्याला कुणी काही म्हणत नव्हतं, ते ठरलेलंच होतं, बाकीचे सांभाळून घेत होते. पण इथं दक्षिणेकडं अडवायला कुणी नव्हतं. देव नव्हता, मास्तर नव्हते. फक्की होती नुसती.

जाबर मागून ओरडला, "अरे, अय्या बोल्या ना! अल्ल बोल्या! अल्ल!"

ते चाळीतल्या लोकांनी उचललं. आधी पोरांनी, मग बायांनी, मग सगळ्यांनी. "अल्ल! अल्ल! अल्ल!" पाहुण्यांना वाटलं आमच्याकडं कुणाला चेतवायची अशीच रीत असेल, तेही हसायला लागले. मी रेघेवर उभा. आवाज येत होता पण लांबून, पलीकडच्या गिरणीचा भोंगा ऐकू यावा तसा. पाय उचलू असंही वाटत नव्हतं आणि उचलू नये असंही वाटत नव्हतं. तो माझा पाय आहे एवढं दिसत होतं.

का गेलो नाही, हे मला पुढं पुष्कळांनी विचारलं. बायकोनं विचारलं, दोस्तानं विचारलं, मास्तरांनी बदली होऊन जाताना विचारलं. मला सांगता आलं नाही. रुसवा म्हणाल तर रुसायला माणूस आतून तापलेला लागतो, मी तापलो नव्हतो. मधल्या गोलात मी वर जायचो तेव्हा मला काही विचार करावा लागत नव्हता. इथं विचार करून पाय टाकायचा होता. तो पडला नाही. एवढंच मला कळतं, आणि ह्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळत असेल तर त्यानं येऊन सांगावं.

मास्तरांनी मला बाहेर बोलावलं. रागावले नाहीत. "बस जरा," म्हणाले. कांडी खात्यातला एकजण माझ्या जागी गेला. माझ्या खांद्याएवढा होता. त्यानं आत शिरताना जमिनीला बोटंसुद्धा लावली नाहीत, दक्षिणेचीच होती ना. उडी येत नव्हती त्याला, पण तो बुटांच्या गर्दीत घुसायचा, वाकायचा, चेंडू पोटाशी धरायचा आणि दोस्ताकडं टाकायचा. दोन टोपल्या झाल्या. मग आणखी झाल्या. दर टोपलीनंतर माझे डोळे मधल्या गोलाकडं जायचे. तिथं कुणी यायचं नाही. चेंडू मागच्या रेघेवरून आत यायचा आणि सगळे पळत पलीकडं. खेळ आता थांबतच नव्हता. चांगला दिसत होता, खोटं कशाला सांगू.

पहिला डाव संपला. पाणी प्यायलो. मास्तर माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले.

"शेंटर, दुसऱ्या डावाची उडी आहे. तेवढी तू मार. उडी मारून झाली की मी तुला परत बाहेर घेतो. कायद्यात बसतं ते."

"एका उडीसाटी?"

"एका उडीसाठी. ती तुझ्याएवढी कुणाला येत नाही."

दोस्तही तिथंच उभा होता, धापा टाकत. तो म्हणाला, "चल की. मी उजव्या हाताला हाय."

मी म्हटलं, "न्हाय मास्तर."

"अरे, मधल्या गोलात तर देव नाही ना?"

"न्हाय."

"मग?"

मी पाण्याची बादली जवळ ओढली. मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले.

दुसऱ्या डावाला जाबर गोलात गेला. पोट घेऊन उडी मारली, ती जमिनीपासून वीतभरही उठली नाही. लोक पोट धरधरून हसले. चेंडू पाहुण्यांना गेला. त्यांनी टोपलीवर टाकला, तो चुकला, कांडी खात्यातल्यानं तो धरला, दोस्ताकडं दिला, दोस्त पळत सुटला. उडी हरल्यानं काही बिघडलं नाही. मी ते डोळ्यांनी बघितलं. आम्ही उडी हरलो आणि काहीही झालं नाही.

सामना आम्ही जिंकलो.

लोकांनी दोस्ताला खांद्यावर घेतलं. तो वरून मला हाका मारत होता, हात करत होता. मी पण हात केला. मग पाण्याची बादली नळापाशी नेऊन ठेवली आणि घरी आलो.

बायको चुलीपाशी होती. आवाजानं तिला कळलं होतंच. "जिकला न्हवं?" तिनं विचारलं.

"जिकलो."

"मग तोंड असं का?"

"कसं?"

तिनं नीट बघितलं. "काय न्हाय," म्हणाली. "बसा. गरम हाय तवर खावा."

भाकरी होती, शेंगाची चटणी होती. भूक लागली होती. जेवलो.

दुसऱ्या दिवशी गाठी उतरवल्या. संध्याकाळी घरी बाजेची दोरी सैल झाली होती ती ओढायला घेतली. मैदानावर चेंडू आपटायला लागला होता. दोस्त चाळीच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"येतूस काय?"

"न्हाय."

"उद्या?"

"बघू."

तो बाजेकडं बघून म्हणाला, "पाटी मोडलीय बाजेची, डावीकडची." मी बघितलं, बाजूच्या लाकडाला खरंच तडा गेला होता. "खिळा मारावा लागंल," मी म्हटलं. "व्हय," तो म्हणाला, आणि खेळायला गेला. मी दोरीला पायाचा रेटा देऊन पुढचा वेढा ओढला.